कुणालाच न टेकलेलं हाड

परवा एक बाई माझा पत्ता विचारत विचारत घरी आल्या. त्यांच्या मुलीच्या गळ्यावर मधोमध गाठ आली आहे आणि ऑपरेशन ठरलं आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मानपाड्याच्या नलूताईंचं असंच झालेलं, त्यांना जाऊन भेटा. मी चहा केला, मला आठवत होतं ते सगळं सांगितलं. त्या ऐकत कमी होत्या आणि माझ्या गळ्याकडे बघत जास्त होत्या. निघताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी खरा प्रश्न विचारला. "ती बोलेल ना हो नंतर?"

मी म्हटलं, बोलेल. त्या गेल्या आणि मला वाटलं, एवढंच सांगून भागायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा, ते माझं काम नाही.

आधी एक करून बघा. हनुवटीच्या खाली, जिथे गळा सुरू होतो तिथे, अंगठा एका बाजूला आणि तर्जनी दुसऱ्या बाजूला ठेवून हलकेच चिमटीत धरा. आत काहीतरी कडक लागेल, जरा इकडेतिकडे सरकेल. आता आवंढा गिळा. ते वर जाऊन खाली येईल. ते हाड आहे. मराठीच्या पुस्तकात त्याला कंठिकास्थी म्हणतात, डॉक्टर हायॉइड म्हणतात. माझ्या तिशीपर्यंत असं हाड आपल्याला आहे याचा मला पत्ताच नव्हता. आता त्याचा मधला तुकडा मला नाही.

काटा

माझं माहेर कोलशेतकडच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. बाबा खाडीत डोल जाळं लावायचे आणि आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. पण गावात तिची ओळख वेगळी होती, ती धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. हळदीच्या दिवशी ती मांडवात बसते आणि धवले गाते, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. गावदेवापासून सुरुवात करायची आणि सगळे आल्याशिवाय थांबायचं नाही. एखाद्याचं नाव राहिलं किंवा गाणं मध्येच तुटलं तर तो देव रुसतो. म्हणून धवलारणीच्या जवळ एक दुसरी लागते. पहिलीने ओळ उचलायची, दुसरीने ती पुढे न्यायची, तेवढ्यात पहिलीने दम घ्यायचा. मी शाळेत असल्यापासून आईची दुसरी होते. लग्न होऊन डोंबिवलीच्या मानपाड्याला आले, एमआयडीसीतल्या एका कंपनीत टेलिफोन बोर्डावर लागले, तरी लग्नसराईत रजा टाकून आईजवळ जाऊन बसायचे. आईला दमा होता. वर्षागणिक तिच्या ओळी आखूड होत होत्या आणि माझ्या लांब.

त्या वर्षी गौरींना माहेरी गेले होते. जेवता जेवता गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. मी तेवढंच बोलले, घशात काहीतरी अडकलंय. दुसऱ्या कुठल्या घरात हे बोलले असते तर कुणी पाणी दिलं असतं, कुणी डॉक्टरचं नाव काढलं असतं. कोळ्याच्या घरात या वाक्याला एकच अर्थ असतो. ताटात बोय मासळी होती. सगळे हसले. डोंबिवलीला जाऊन पोरगी मासे खायला विसरली म्हणाले. आईने सुक्या भाताचा लाडू वळून माझ्या हातात दिला आणि न चावता गिळायला लावला.

मग केळं. मग भाकरीचा पापुद्रा. मग पुन्हा भात. मी माहेरी गेले की लाडू वळलेला तयार असायचा. दिवाळीनंतर गळ्याच्या मधोमध बोराएवढं काहीतरी दिसायला लागलं, तेव्हाही आईचं म्हणणं बदललं नाही. काटा आता बाहेर यायला बघतोय, म्हणाली. आमच्यात काटा रुतून पिकला की पोटीस बांधतात. तिने अळशीचं गरम पोटीस बांधलं. मीही बांधून घेतलं. इतक्या पिढ्या मासे खाणाऱ्या घरात घशाला दुसरं काही होऊ शकतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

थंडीत सर्दी झाली आणि गाठ लाल होऊन टम्म फुगली. ताप आला, आवाज बसला. बोर्डावर फोन घेतला की पलीकडचा माणूस म्हणायचा, जरा दुसऱ्या मॅडमना द्या.

जीभ दाखवा

रमाकांत, म्हणजे माझा नवरा, मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, जीभ बाहेर काढा. मी काढली. गाठ गळ्यावर वर सरकली. जीभ आत घेतली, गाठ खाली आली. त्यांनी पुन्हा काढायला लावली. मग ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली.

तिथे सर्जन बाई होत्या. उंच, हळू बोलणाऱ्या. त्यांनीही जीभ बाहेर काढायला लावली. मग शिकणारी मुलं आली, त्यांनी एकेकाने काढायला लावली. लहानपणी कुणाला जीभ दाखवली की आईचा धपाटा मिळायचा. इथे आई बाकावर बसून बघत होती आणि मी भिंतीवरच्या पालीकडे बघत एकामागून एकाला जीभ दाखवत होते.

सर्जन बाईंनी आम्हाला तिघांना बसवून सांगितलं. गळ्यात जी थायरॉइडची ग्रंथी असते ती बाळ पोटात असताना जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते. उतरून झाली की ती वाट बुजते. माझी बुजली नव्हती. तिच्यात पाणी साठून गाठ झाली. ती वाट या हाडाला चिकटून जाते, म्हणून नुसती गाठ काढून भागत नाही, ती परत येते. हाडाचा मधला तुकडाही काढावा लागतो. मग त्यांनी हाड समजावलं. घोड्याच्या नालेसारखं असतं. अंगातली बाकीची हाडं कुठल्या ना कुठल्या हाडाला सांध्याने टेकलेली असतात, हे कुणालाच टेकलेलं नसतं. जीभ त्याच्यावर उभी असते. आपण गिळतो तेव्हा ते वर उचललं जातं, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि घास बरोबर वाटेने जातो.

आईने तेवढ्यात विचारलं, मग ते पडत कसं नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, वरून, खालून, मागून, सगळीकडून स्नायूंनी ताणून धरलेलं असतं. आई म्हणाली, म्हणजे डोलीसारखं. खाडीत डोलीचं जाळं असंच खुंटांना ताणून बांधतात, ते कशावर ठेवलेलं नसतं. बाईंना डोल माहीत नव्हती, पण त्यांनी मान हलवली.

रमाकांतने कॅन्सरचं विचारलं. बहुतेक नाही, पण काढलेलं तपासायला पाठवू, रिपोर्ट येईपर्यंत मी काही बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्याने विचारलं, आवाज? त्याने सांगून टाकलं की ही बोर्डावर आहे, शिवाय लग्नात गाते, वैशाखात हिच्या भावाचंच लग्न आहे. बाई म्हणाल्या,

"आवाजाची पेटी याच्या खाली आहे. तिला मी हात लावणार नाही. पण शेजारचं घर पाडताना आपल्या भिंतीला हादरा बसतोच. बोलाल तुम्ही. गाण्याचं मी कबूल करत नाही."

माझ्याकडे बघून काही विचारायचंय का म्हणाल्या. मी विचारलं, भरती व्हायला येताना ताटवाटी घरून आणायची का.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. तोच प्रश्न मला पडला होता. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांपुढे अंधारी आली. माझं तसं काही झालं नाही. काहीच झालं नाही. ज्यांच्या घरात असा आजार आला आहे त्यांना हे मुद्दाम सांगते, माणूस शांत दिसला म्हणजे तो धीराचा आहे असं समजू नका. कधी कधी तो नुसता बंद पडलेला असतो.

बाहेर व्हरांड्यात आलो तसा रमाकांत आईवर फुटला. तो तसा भांडखोर नाही. टर्नरचं काम, मापात बोलणारा माणूस. पण त्या दिवशी तो म्हणाला, "आई, तुम्ही भात गिळवत बसलात. पोटीस बांधलंत. ही गाते म्हणून तुम्हाला हवी असते ना, मग तिचा गळा तरी सांभाळायचात."

माझी आई बाजारात एका हाकेने अख्खी रांग गप्प करायची. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मासळीची रिकामी पाटी काखेत घेऊन जिना उतरायला लागली. मी भिंतीवरची 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत होते. पूर्ण वाचून झाली की परत पहिल्यापासून वाचत होते.

खाट

आधी गोळ्यांनी सूज उतरवली, मग भरती केलं. हॉस्पिटलचं एक बरं असतं, तिथे विचार करायला फार जागा ठेवत नाहीत. सकाळी किटलीतून चहा, मग झाडू, मग चादरी ताणून सरळ झोपायचं कारण मोठे डॉक्टर येणार. ते येऊन गेले की सगळ्याजणी पुन्हा मांडी घालून बसायच्या. सासूबाई भेटायला आल्या आणि नजर लागली, आता गाणं बंद कर म्हणून सांगून गेल्या. रमाकांत कंपनीतून सुटला की यायचा आणि घरचा नळ कसा गळतोय, वायसर बदलला तरी कसा गळतोय, हे सांगत बसायचा. गप्प बसायचं त्याला भय वाटत असावं. मी हूं हूं करत राहायचे.

आई रोज यायची. रमाकांतसाठी आणि माझ्यासाठी डब्यात कालवण आणायची, सगळं साफ करून, निवडून. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, तरी तिचा डबा त्याला चालायचा. तो जेवला की आई खाटेखाली जमिनीवर बसून स्वतःचा वेगळा डबा उघडायची. त्यात वरणभात असायचा. मी बघत होते. त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

शेजारच्या खाटेवर वसईकडच्या ब्रिजितबाई होत्या. त्यांचंही गळ्याचंच, पण वेगळं ऑपरेशन माझ्या आधी झालं होतं. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती इथे लिहून ठेवते. नंतर पाणी पिताना मान वर करायची नाही, हनुवटी छातीकडे घ्यायची आणि मग गिळायचं. डॉक्टरांना विचारून करा, पण मला त्या एका गोष्टीचा फार आधार झाला.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल देणारे डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोला बरं. माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार, कोणाशी बोलायचंय?" ते हसले. मला पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की माणूस दिवसभर थुंकी गिळत असतो. आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी गळ्यात कुणीतरी मुसळ घालतंय असं व्हायचं. गळ्यातून एक रबरी नळी बाहेर काढली होती, मान वळत नव्हती, बोलायला बंदी होती. ते हाड काय काम करतं हे बाईंनी सांगितलं तेव्हा नीट कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. तुकडा बाटलीतून तपासायला नेताना रमाकांतने बघितला होता. आल्या आल्या त्याने माप सांगितलं. "काय नाय गं, एवढासा पीस. दहा-बारा एमएम असेल."

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मी 'पाणी' म्हणाले. आवाज आला. पण तो माझा नव्हता, भांडं ओढल्यासारखा खरबरीत होता. ब्रिजितबाई म्हणाल्या, येईल हळूहळू. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग डबे विसळायला निघून गेली.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ, कॅन्सर नाही. रमाकांतने सगळ्या वॉर्डला पेढे वाटले. मीही एक घेतला, तो संपवायला मला फार वेळ लागला. सगळे विचारत होते, सुटलीस ना, कसं वाटतंय. मी म्हटलं, आनंद वाटतोय. असं विचारल्यावर तेच म्हणायचं असतं.

बधिर

टाके काढताना कळलं की हनुवटीपासून व्रणापर्यंतच्या कातडीला काही कळत नाही. बोट लावलं तर बोटाला गळा लागायचा, गळ्याला बोट लागायचं नाही. सर्जन बाई म्हणाल्या, कातडीच्या बारीक शिरा कापल्या जातात, काही महिन्यांनी जाणीव येईल, थोडी राहूनही जाईल. मी म्हटलं, चालेल. मला ते अगदी बरोबर वाटलं. बाकीच्या माझ्यासारखंच ते झालं होतं.

घरी आले. कंपनीने काही दिवस मला बोर्डावरून काढून फायली लावायला बसवलं, मग परत बोर्डावर घेतलं. बोलण्यापुरता आवाज आला. जाडसर, खालचा. जुने लोक फोनवर विचारायचे, नवीन आलात का. मी हो म्हणायचे, समजावत कोण बसणार.

गाऊन मात्र बघितलं नाही. भांडी घासतानाही नाही. आणि मासे खाल्ले नाहीत. भीती वाटायची असं म्हणता येणार नाही, घास तोंडात घेतला की जीभच तो परत ढकलायची. आई आठवड्याला एकदा मासळी साफ करून आणून द्यायची. रमाकांत खायचा. मी वरणभात खायचे, आणि समोर आईही वरणभात खायची. मला वाटायचं, माझ्यामुळे खात असेल.

मोरेश्वरचं, माझ्या भावाचं लग्न वैशाखात होतं. तो येऊन म्हणाला, ताई, तू बस नुसती. आईला नाहीच जमलं तर लाउडस्पीकर आहे, भटजी आहेत. हल्ली सगळीकडे तसंच होतं. तो चांगल्या मनाने म्हणत होता.

मांडव

हळदीच्या दिवशी सकाळी हौसामावशी, आईची धाकटी बहीण, माझ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. आतल्या घरात बायका रात्रीच्या जेवणाची मासळी कापत होत्या. मावशी हळूच म्हणाली, "आज तरी आयशीला दोन घास मासली खायला सांग गो."

मी विचारलं, आज तरी म्हणजे.

मग तिने सांगितलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून त्या दिवशी घरी आली तेव्हापासून आईने मासळी तोंडात घातली नव्हती. एकवीरेला नवस बोलली होती, पोरीचा गळा परत दे, तोवर खाणार नाही. दिवसभर बाजारात मासळी विकायची, घरी सगळ्यांना रांधून घालायची आणि आपण वरणभात. कुणी मला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं.

ज्यांनी कोळ्याचं घर पाहिलेलं नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. आमच्याकडे मेल्या माणसाच्या पानावरही मासा वाढतात. आईला मी तापातसुद्धा कालवणाशिवाय जेवताना पाहिलं नव्हतं.

मला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. कुणी सांगितलं होतं हिला? माझ्या गळ्याचं ओझं हिने आपल्या पोटावर कशाला घ्यायचं? मला वाटलं उठून जावं आणि सगळ्यांसमोर भांडावं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, धवलारीण मांडवात बसली म्हणून.

मी जाऊन तिच्या शेजारी माझ्या नेहमीच्या जागी बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. गावदेवापासून सुरू केलं. दोन-तीन देव एकटीने आणले. पुढच्याच्या ओळीला तिची छाती वाजायला लागली. ओळ अर्ध्यावर आली आणि तिचा दम संपला. मांडवात बायका बसल्या होत्या, त्यांना शेवटचा शब्द धरायची सवय, मधली ओळ त्यांना येत नव्हती. मोरेश्वर हळद लावून पाटावर बसला होता. त्याने भटजींकडे बघितलं.

मी ओळ घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा ती तोंडातून गेली. आवाज खाली होता, जाड होता, आणि जिथे सूर वर चढतो तिथे तो चढलाच नाही, घसरून बाजूला पडला. पण ओळ तुटली नाही. मी ती शेवटपर्यंत नेली.

आईने तरीही माझ्याकडे बघितलं नाही. पण पुढची ओळ तिने उचलली ती खालच्या सुरात. आयुष्यभर ती ज्या पट्टीत गायली ती सोडून, माझा आवाज जिथे पोचत होता तिथे ती उतरून आली. पुढचे सगळे देव आम्ही दोघींनी तिथूनच बोलावले. कुणी राहिला नाही.

दिवेलागणीला पंगत बसली. रमाकांत वाढत होता. आईच्या पानात त्याने माशाची तुकडी ठेवली आणि तिथेच वाकून उभा राहिला. त्यालाही तोवर मावशीने सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई, आता खा." व्हरांड्यानंतर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

आईने तुकडी उचलली. खाल्ली नाही. बोटांनी उकलली, एकेक काटा काढून पानाच्या कडेला ठेवला, दाबून दाबून पुन्हा बघितली. लहानपणी मला भरवायची तसं. मग भातात कालवून तो घास तिने माझ्या पानात ठेवला.

"काटा नाय त्यान," ती म्हणाली. "मी बघलाय. खा."

मी तोंडात घेतला. जीभ परत ढकलेल म्हणून वाट बघितली. मग हनुवटी खाली घेतली आणि गिळला. हाडाचं जे काही उरलंय ते वर गेलं आणि खाली आलं. आई माझ्या गळ्याकडे बघत होती. घास खाली गेलेला पाहिला आणि मग तिने स्वतःसाठी घास उचलला.

ती खात होती. मी तिच्याकडे बघत होते. तिने मध्येच हात थांबवला, डाव्या हाताने पदर घेतला आणि माझा गळा पुसायला लागली. गळा का पुसते आहे ते मला कळेना. मग पदर ओला झालेला दिसला, तेव्हा कळलं की मी रडते आहे.